बिननाडीची तोका

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आज यांचं शिवणाचं दुकान उघडलं. चार महिने दहा दिवस घरात बसले, परवा नवऱ्यामागची इद्दत संपली. सकाळी सासूबाईंना, अम्मींना, सांगितलं, जाते.  त्यांनी डब्यात दोन भाकरी आणि ठेचा स्वतः बांधून दिला.

शटर वर जाईना. शेजारचा पंक्चरवाला भीमराज आला, तेल सोडलं, दोघांनी जोर लावला तेव्हा गेलं. "भाभी, काई लागलं तं आवाज द्या," म्हणाला आणि लगेच वळला. माणसं अजून डोळ्यांत बघत नाहीत.

आत धूळ. मशीनवर यांचा टेप तसाच लोंबत होता. भिंतीवरचं कॅलेंडर जुलैचं. पाच जुलैला, जुम्म्याच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास हे याच स्टुलावर बसल्या बसल्या गेले. पाय मशीनच्या पायडलवर होता म्हणे. मी घरी होते, भात लावला होता.

दिवसभर पुसलं. गिऱ्हाईक एकही नाही. समोर वारंग्याच्या फाट्यावर प्रचाराच्या जीपा, भोंगे. पाचला बंद केलं.

ही वही यांच्या कपाटात कोरी सापडली. कुणाशी बोलावंसं वाटत नाही. बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकले आहे, लिहिता येतं तेवढं.

१३ नोव्हेंबर

यांची मापाची वही पाहिली. शेवटचं पान २८ जूनचं. पेन्सिलीनं लिहिलंय —

दवाखाना, सिस्टर लोक. तोका ७. सहा नाडीच्या, एक बिननाडीची. घेर २३ – दोन. २२ – दोन. साडेवीस – तीन. कापड त्यांचं.

गाठोडं फळीवर होतं. सातही कापून ठेवल्या आहेत, खडूच्या खुणा तशाच. शिवायच्या राहिल्या.

दवाखाना इथून दोन किलोमीटर, नांदेड रोडला. तिथं ख्रिस्ती मठाच्या तीन सिस्टर राहतात. त्यांचं डोक्याचं पांढरं कापड अकरा वर्षं हेच शिवायचे. मी कडांची तुरपाई करायची. हे 'तोका' म्हणायचे म्हणून मीही म्हणायची. शब्द कुठला, कधी विचारलं नाही.

२८ जूनची संध्याकाळ आठवते. हे जेवले नाहीत. "आज एक काम कापलं, मन लागत नाही," एवढंच म्हणाले. मी ताट झाकून ठेवलं. आमच्यात खोदून विचारायची सवय नव्हती. सात दिवसांनी गेले.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मोठ्या सिस्टर आल्या. नाव रेमेदिओस, पण इकडं सगळे मोठ्या सिस्टरच म्हणतात. स्पेन देशाच्या. चोपन्न वर्षं झाली इथं येऊन, वय एक्क्याऐंशी. फाट्यावरची अर्धी माणसं त्यांच्या हातावर जन्मली. भीमराजसुद्धा. त्याला अजून "ए पायाळू" म्हणतात, तो पायाकडून झाला म्हणून. तोही लाजतो, चाळीस वर्षांचा माणूस.

काठी टेकत आल्या, स्टुलावर बसल्या. धाप लागली होती. ओठ निळसर वाटले. मला वाटलं, कशी आहेस म्हणून विचारतील. विचारलं नाही. माझा हात धरून मशीनच्या चाकावर ठेवला.

"शिव," म्हणाल्या. "हात रिकामा ठेवू न्हाई."

मग मीच विचारलं, तोका म्हणजे काय. त्यांना बरं वाटलं असावं, बराच वेळ सांगत बसल्या. त्यांच्या भाषेतला शब्द. चेहऱ्याभोवती, गळ्यापासून कपाळापर्यंत जे पांढरं घट्ट बसतं ती तोका. त्याच्यावरून जे राखाडी कापड खांद्यावर सोडतात ते निराळं, त्याला वेलो म्हणतात. लोक दोन्ही मिळून एकच समजतात. तिकडं आता ह्या शब्दाची कुणाला गरज पडत नाही, बहुतेक सिस्टर लोकांनी तोका सोडून दिली. ह्यांच्या मठानं ठेवली. "डोकं थंड राहतं," म्हणाल्या आणि हसल्या. मे महिन्यात वारंग्याला डोकं थंड!

पण फार पूर्वी तोका फक्त सिस्टर लोकांची नव्हती. विधवा बायकाही बांधायच्या. नोकरीतला माणूस मेला की त्याच्या बायकोला जी रक्कम मिळायची तिचं नावसुद्धा तेच — तोका. हे सांगताना माझ्या ओढणीकडे बघितलं. मी ती पुढं ओढून घेतली. का, माहीत नाही.

जाताना म्हणाल्या, "साती शिव. सातवी ईसरू नको."

१६ नोव्हेंबर

एक शिवली. मशीनचा आवाज पहिल्यांदा सहन होत नव्हता. मग झाला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्याच्या सिस्टर प्रतिक्षा आल्या. तिघींतली धाकटी, सत्तावीस वर्षांची पोरगी, नगरकडची. नर्सिंग झालेली. गेल्या वर्षीपासून इथं आहे. हे होते तेव्हा दुकानात यायची, तेव्हा माझी नुसती ओळख. आज दोन तास बसली. बोलते फार. मी कमी बोलते हे तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि तिनं सोडून दिलं.

तोकेला इस्त्री कशी करायची ते दाखवलं. मी उगाच सरळ दाबत होते. आधी खळ, ती अर्धी ओली असतानाच कपाळाची पट्टी, मग हनुवटीचा गोल, आणि शेवटी नाडी. नाडी कधी आधी नाही. "नाडी आधी केली की चेहरा वाकडा येतो, भाभी. मोठ्या सिस्टर लगेच ओळखतात. मागं एकदा मला म्हणाल्या, आज काहून तोंड फिरवून बसली?" त्यांची नक्कल इतकी हुबेहूब केली की मी हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा. नंतर अपराध्यासारखं झालं.

तिची तोका गालांवर सैल पडली होती. म्हटलं, आत घेऊन देऊ? तर म्हणाली, "नाडी आवळते मी. चालतंय."

विचारून गेली, सातवी सुरू केली का. म्हटलं, अजून नाही.

"आतून मऊ ठेवा, भाभी. खळ नको तिला. कपाळाला टोचते."

२० नोव्हेंबर

मतदान. दुकान बंद. अम्मींना शाळेत नेऊन आणलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सहा झाल्या. घड्या घालून ठेवल्या. सातवी हातात घेतली. यांनी तिच्या मागच्या कडेला नाडीसाठी जागाच सोडलेली नाही. आणि बाकीच्या सहांच्या खडूच्या रेघा सरळ आहेत, हिच्या कापऱ्या. यांचा हात कधी कापत नव्हता.

बांधायचं नसेल तर डोक्यावर राहील कशी?

२४ नोव्हेंबर, रविवार

कळलं. भांडी घासताना कळलं.

पाच जुलैला कबरस्तानातून परत आल्यावर माझा दीर आसिफ अम्मींना सांगत होता — डोक्याची, कमरेची, पायाची, कफनाच्या तिन्ही गाठी आत उतरवल्यावर सोडल्या. त्यानंच सोडल्या. पडद्याआड मी होते, ऐकत होते. आपल्यात माणसाला बांधलेलं मातीत ठेवत नाहीत.

त्यांच्यातही ठेवत नसतील.

म्हणजे हे ज्या दिवशी जेवले नाहीत, त्या दिवशी यांनी मोठ्या सिस्टरचं कफन कापलं होतं. आणि आठवड्यात स्वतः गेले. ते कापड पाच महिने फळीवर पडून आहे. कुणासाठी तरी कापलं, आणि कुणाला तरी घेऊन गेलं.

असं लिहू नये. लिहिलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मोठ्या सिस्टर सहा तोका न्यायला आल्या. सोबत दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर धर्मसिंग. तो बाहेर थांबला. आज त्या आणखी थकलेल्या. बसताना मशीनचा आधार घेतला. डोळ्यांखाली काळं.

सहा मोजून घेतल्या. सातवीचं विचारलं.

मी धीर करून म्हटलं, सिस्टर, बिननाडीची कशाला लागते?

त्यांनी सहा तोका पिशवीत भरल्या. मग म्हणाल्या, "तुला ठाव हाय, गुलनाज. निजलेल्या माणसाला आमच्यात बांधत न्हाईत. नुसती ठेवतात. नवी लागते, धुतलेली चालत न्हाई."

"पण आधीच कशाला शिवायची?"

"आधीच शिवतात. ज्याची त्याला म्हायती असावी. लपवून ठेवायचं न्हाई, असा आमचा नेम हाय."

कुणासाठी, हे विचारायचं कारण नव्हतं. एक्क्याऐंशी वर्षांची बाई समोर धापा टाकत बसली होती. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी खाली बघितलं. माणूस स्वतःसाठी रडताना त्याच्याकडे बघू नये.

मी खोटं बोलले. म्हटलं, सातवीच्या कापडावर डाग पडलाय, दुसरं आणावं लागेल. तसलं कापड इथं मिळत नाही.

"लवकर कर," म्हणाल्या.

लवकर! मी करणार नाही. शिवली नाही तर लागणारही नाही.

२ डिसेंबर, सोमवार

दुपारी प्रतिक्षा एसटीनं नांदेडहून उतरली. हातात एक्स-रेचं असतं तसं मोठं पिवळं पाकीट आणि गोळ्यांची पिशवी. मोठ्या सिस्टरचे रिपोर्ट असणार. काय निघालं, विचारवेना. जीप यायला वेळ होता म्हणून दुकानात बसली. पेरू कापून दिला, दोन फोडी खाऊन ठेवून दिला.

नाडी आवळून आवळून कानामागं वळ उठलेत तिच्या. म्हटलं, खात जा. नाताळाआधी आम्ही कमीच खातो, म्हणाली. मी बळंच तिची तोका उतरवून घेतली — ओढणी आड धरली, कुणी बघू नये म्हणून — आणि दोन्हीकडून पाव पाव इंच आत घेतली. केस अगदी बारीक कापलेले. सिस्टर लोकांत ठेवत नसतील केस. तेवढा वेळ तिनं माझी ओढणी घेतली होती डोक्यावरून. आरशात बघून म्हणाली, "भाभी, मी तुमची बहीण दिसते." खरंच दिसत होती.

म्हटलं, मोठ्या सिस्टरना सांभाळ. त्यांचं काही खरं दिसत नाही.

तिनं पिवळं पाकीट मांडीवर उलटं ठेवलं. मग म्हणाली, "त्यांना एकटं जेवता येत नाही. समोर कुणीतरी लागतं. दुसऱ्या सिस्टरची रात्रपाळी असते. तुम्ही येत जाल का कधी संध्याकाळी? नुसतं बसायचं. बोलावं लागत नाही."

म्हटलं, तू आहेस की.

"मी आहे," म्हणाली. जीपचा हॉर्न वाजला.

३ डिसेंबर

सकाळी जमिनीतून आवाज आला. आपल्याकडं नवीन नाही, ऑक्टोबरात तर भूकंपाचा धक्काच बसला होता. पण दुकानात एकटी होते. पत्रा थरथरला, सुयांची डबी फळीवर आपोआप वाजली. गाठोडं त्याच फळीवर आहे. खाली काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

भीमराज सकाळी पांढरे कपडे घालून कळमनुरीला अभिवादनाला गेला. त्याचं दुकान बंद, माझ्याकडंही कुणी नाही. ड्रॉवर दोनदा उघडून बघितला.

९ डिसेंबर, सोमवार

आज सातवी शिवली.

शिवायची नाही असं ठरवलं होतं. पण अर्धवट कापड ड्रॉवरमध्ये असलं की दिवसभर तिकडंच लक्ष. शेवटी वाटलं, अर्धवट आहे म्हणूनच ते कापड थांबलंय. वाट बघतंय. मग शिवायला बसले. तुरपाई हातानं केली, आतून मऊ राहावी म्हणून. बरीच लहान वाटली. म्हाताऱ्या माणसाचं अंग आटतं, हाडंसुद्धा आटतात. अम्मींच्या बांगड्या आता हातातून गळतात, तसंच असेल.

झाल्यावर जे केलं ते लिहिते. उरलेल्या पट्टीची नाडी केली आणि लावून टाकली. दोन्ही बाजूंना. जागा नव्हती, तरी बसवली, दुहेरी टाक्यानं. आता ती निजलेल्या माणसाची राहिली नाही. इतर सहांसारखी झाली. चालत्याबोलत्या माणसाची.

मन खूप हलकं झालं. यांच्यासाठी मला काहीच करता आलं नाही. भात उतरवत होते तेव्हा. ह्या वेळी काहीतरी केलं.

संध्याकाळी बोलता बोलता अम्मींना सांगून बसले. नाडीचं नाही, कपडा कशाचा एवढंच. त्यांचा चेहराच बदलला. "मौत का कपडा सिला तो उसीच रोज दे डालना. रखना नै, बेटी. जिसका है उसकू दे डाल." तीनदा सांगितलं.

देणार नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

चारच्या सुमारास जीप दुकानासमोर थांबली. प्रतिक्षा पुढच्या सीटवर. उतरली नाही. धर्मसिंग म्हणाला, जरा बाहेर या. मी काचेपाशी गेले. ऊन होतं तरी अंगावर घोंगडी. नांदेडहून येत होते. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. म्हणजे मोठ्या सिस्टरना तिकडं ठेवून आले की काय! विचारलं तर म्हणाली, "नाही हो, त्या घरी आहेत. स्वयंपाकीणबाईशी भांडतायत."

मग म्हणाली, "सातवी झाली का?"

ड्रॉवर माझ्यापासून दहा पावलांवर. म्हटलं, नाही झाली. कापड मिळालं नाही अजून.

"मला एकदा बघायची होती. घालून नाही. नुसती बघायची."

कशाला, असं तोंडात आलं होतं. मोठ्या सिस्टरना जाऊन सांगायचं असेल, कशी झाली ते. त्या आता दोन किलोमीटर येऊ शकत नसतील. म्हटलं, नाताळ होऊ दे. मग बघू.

"नाताळ," म्हणाली. जरा हसली. "बरं. मी घाई नाही करत."

काचेतून हात बाहेर काढून माझ्या गालाला लावला. तापलेला होता. म्हटलं, तुलाही बरं नाही, घरी जाऊन झोप. हो म्हणाली.

जीप गेल्यावर वाटलं, दाखवायला हवी होती. पण नाडी दिसली असती. तिनं लगेच ओळखलं असतं, आणि सांगितलं असतं त्यांना.

१३ डिसेंबर

दोन ब्लाउज, एक परकर. शाळेच्या गणवेशाची चेन.

१७ डिसेंबर, मंगळवार

भीमराज सांगत होता, दवाखान्यात सकाळपासून बाहेरगावची गाडी उभी आहे. बाह्यरुग्ण बघणं बंद ठेवलंय. बाया पोरं घेऊन गेटावरून परत चालल्यात. "मोठ्या सिस्टरचं काई खरं न्हाई वाटतं, भाभी," म्हणाला. खालच्या आवाजात. हातातला पाना तसाच धरून उभा होता.

मी ड्रॉवरला कुलूप लावलं.

घरी आल्यावर नमाजनंतर मागितलं. त्यांची उमर वाढव. त्यांची मिट्टी इतक्यात नको. माझ्याकडं जे आहे ते मी देत नाही, तू मागू नको.

१९ डिसेंबर

जीप दिसली नाही. कालही नाही. दवाखान्याकडून येणाऱ्या प्रत्येक ऑटोकडे बघते.

काठीचा आवाज ऐकू येतोय असं वाटतं आणि येत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

परत जमिनीतून आवाज. दुपारी दीडला. ह्या वेळी कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. सगळं एकदम थांबल्यासारखं झालं. हायवेवर एक ट्रक, त्याचाही आवाज नाही. मग सुरू झालं सगळं.

अम्मींनी विचारलं, दे डाला क्या. म्हटलं, हो.

त्यांच्याशी खोटं बोलले. ह्या एका कापडापायी किती जणांशी बोलले.

२२ डिसेंबर, रविवार

दिवसभर प्रतिक्षाचं बोलणं डोक्यात. त्यांना एकटं जेवता येत नाही. समोर कुणीतरी लागतं. बोलावं लागत नाही — हे तिनं मला बघूनच सांगितलं असेल. मला तेवढंच जमण्यासारखं आहे.

हे गेले तेव्हा चाळीस दिवस लोक येत होते. मोठ्या सिस्टर रोज यायच्या, अम्मींच्या खाटेशेजारी बसायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. आणि मी पाच दिवस झाले गाडी उभी आहे हे ऐकून दुकानात बसले आहे. भीतीनं. आपण गेलो तर कापड मागतील म्हणून.

उद्या जाते. मेथीची भाजी करून नेते, त्यांना आवडते. त्यांच्यासमोर बसते, जेवेन म्हणते. मागितलीच तर दाखवते, हे बघा, नाडी लावलीय, आता ही रोज बांधायची. रागावल्या तर रागावू देत. प्रतिक्षा हसेल.

२३ डिसेंबर, सोमवार

शटर उघडत होते, तर मोठ्या सिस्टर पायरीवर बसलेल्या. चालत आल्या होत्या. दोन किलोमीटर, काठी टेकत. धर्मसिंग जीप घेऊन नगरकडच्या लोकांना आणायला स्टेशनवर गेलाय म्हणाल्या.

"प्रतिक्षाची तोका दे, बेटा. पहाटं गेली."

मी मापाची वही उघडली. उगाच. २३ – दोन. २२ – दोन. साडेवीस – तीन. यांचं अक्षर. दोघींना दोन दोन, एकीला तीन, आणि सगळ्यांत लहान घेर प्रतिक्षाचा. महिनाभर माझ्यासमोर होतं. २ डिसेंबरला मी माझ्या हातानं तिची तोका आत घेतली.

म्हटलं, इस्त्री करून एका तासात आणून देते. भीमराजनं त्यांना मोटरसायकलवर नेलं.

शटर अर्धं ओढलं. पातं घेऊन नाडी उसवली. दुहेरी टाका होता, वेळ लागला. खळ लावली नाही. कपाळाची पट्टी, मग हनुवटीचा गोल. कागदात गुंडाळली.

खाली दोऱ्यांचे तुकडे पडले होते. केरसुणी घेतली आणि झाडून काढले.